जहाजाच्या एंजिनाची तपासणी

आगगाडीचे एंजिन वाटेत बंद पडले, तर गाडी रुळांवर उभी राहते. उतारूंना फार तर उशीर होतो. जहाजाची गोष्ट निराळी आहे. भर वादळात एंजिन थांबले की जहाज वाऱ्याच्या व लाटांच्या स्वाधीन होते आणि एरवी हवाहवासा वाटणारा किनाराच त्याचा वैरी ठरतो. असे असूनही एंजिनाची निगा व तपासणी हे दुय्यम प्रतीचे, केवळ हात काळे करण्याचे काम समजले जाते. हा समज चुकीचा आहे. तपासणी हा जहाज चालविण्याचाच एक भाग होय, आणि तिच्यासाठी दिलेला वेळ हा प्रवासातून चोरलेला वेळ नव्हे.

११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेना देल पासिफिको’ हे डिझेलवर चालणारे ब्रिटिश प्रवासी जहाज, युद्धकाळातील कामगिरीनंतर दुरुस्त होऊन, बेलफास्टनजीकच्या समुद्रात चाचणीसाठी निघाले होते. त्याच्या एंजिनघरात स्फोट होऊन २८ माणसे प्राणास मुकली. एका सिलिंडरातील दट्ट्या बेसुमार तापला होता. दट्ट्या तापल्याने स्फोट कसा होतो, हे समजून घेण्याजोगे आहे. क्रँकचा दांडा ज्या बंद पेटीत फिरतो, तीत वंगणतेलाचे थेंब नेहमीच उडत असतात. ते मोठे असल्यामुळे सहसा पेटत नाहीत. परंतु घासून तापलेल्या भागावर तेल पडले की त्याची वाफ होते, ती पेटीतील थंड भागाकडे जाऊन निवते आणि तिचे पांढरे दाट धुके बनते. हवेत पुरेशा प्रमाणात मिसळलेले हे धुके त्याच तप्त भागाच्या स्पर्शाने पेट घेऊ शकते. पहिला भडका पुष्कळदा लहान असतो. त्याने पेटीची दारे उडाली तर मात्र आतील दाब एकाएकी उतरतो, बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते आणि दुसरा स्फोट पहिल्याहून कितीतरी भयंकर होतो.

आता मोठ्या एंजिनांच्या पेटीला दाब सोडणाऱ्या झडपा असतात व धुके दाट होऊ लागताच इशारा देणारी उपकरणेही असतात. इशारा मिळाल्यावर एंजिन थांबवून निदान वीस मिनिटे पेटी उघडू नये, असा दंडक आहे. उघडून पाहण्याची उत्सुकता येथे जिवावर बेतते.

उपकरणे आली, तेव्हा पाहणाऱ्या डोळ्यांची गरज सरली, असे मानणाऱ्यांनी ‘वायकिंग स्काय’ची हकीकत वाचावी. २३ मार्च २०१९ रोजी हे प्रवासी जहाज १,३७३ माणसांसह नॉर्वेच्या हुस्टाडविका या खडकाळ किनाऱ्याजवळून वादळात चालले होते. त्याच्या चार डिझेल एंजिनांपैकी एक दुरुस्तीअभावी आधीच बंद होते. उरलेली तीन दुपारी एकामागून एक थांबली. टाक्यांत वंगणतेल कमी होते. जहाज हेलकावू लागताच पंपांच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येऊ लागली, दाब उतरला आणि एंजिने स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप बंद पडली. नांगर टाकले तरी जहाज खडकांकडे सरकतच राहिले. एंजिन पुन्हा सुरू झाले तेव्हा खडक जेमतेम जहाजाच्या लांबीइतके दूर राहिले होते. ४७९ उतारूंना हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले.

तेलाची पातळी टाकीच्या सुमारे २८ ते ४० टक्के होती. एंजिन बनविणाऱ्यांच्या सूचनेप्रमाणे ती ६८ ते ७५ टक्के हवी होती. त्याच सकाळी पाच ते नऊच्या दरम्यान तेल कमी असल्याचे १८ इशारे आले होते. प्रत्येक इशारा काही क्षणांत ‘पाहिला’ म्हणून मिटविला गेला. उपकरणाने आपले काम चोख केले होते!

याचा सारा दोष एंजिनघरातील माणसांच्या माथी मारणे न्याय्य नाही. तेलाच्या टाक्यांची रचनाच नियमांस धरून नसल्याचे चौकशीत आढळले, आणि एक एंजिन निकामी असताना जहाजाने बंदर सोडावयास नको होते, असेही तीत म्हटले आहे. बनविणाऱ्याची सूचना पुस्तकात असणे वेगळे आणि ती रोजच्या पहाऱ्यातील माणसाच्या अंगवळणी पडणे वेगळे.

वारंवार एंजिन खोलल्याने उलट बिघाड शिरतो, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. नीट चालणारे यंत्र विनाकारण सोडविले तर कचरा आत जातो, एखादा बोल्ट चुकीचा आवळला जातो. पण तपासणी म्हणजे सोडविणे नव्हे. क्रँकच्या दोन बाहूंमधील अंतर दांडा फिरवीत मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजले, आणि ते आकडे मागील नोंदींशी ताडून पाहिले, तर बेअरिंगची झीज किंवा दांड्याची ओळंब्यातून चळण ती घातक होण्यापूर्वीच ध्यानी येते. एकट्या आकड्यास येथे फारसा अर्थ नसतो; म्हणून जुनी नोंदवही जपणारा अभियंता हा निष्णात कारागिराइतकाच मोलाचा मानावा. तेलाची पातळी पाहणे तर त्याहून सोपे. जहाज सुटण्यापूर्वी कप्तानापुढे जी कागदपत्रे ठेवली जातात, त्यांत ती पातळी मुख्य अभियंत्याच्या सहीनिशी लिहिलेली असावी, आणि हवामानाच्या अंदाजाशेजारी ती वाचली जावी. वादळ येणार असे कळल्यावर टाकी किती भरलेली असावी, हा प्रश्न एंजिनघराइतकाच कप्तानाच्या पुलावरचाही आहे.