‘नुसती आठवण’ म्हणणाऱ्यांस

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी धर्मसुधारणेच्या स्मरणार्थ भरलेल्या एका सभेत एका विद्वान वक्त्यांनी पाऊण तास भाषण केले. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: ल्यूथर आणि झ्विंग्ली एका शब्दावरून भांडले. येशू ज्या अरामी भाषेत बोलला, तीत तो शब्द लागतच नाही. म्हणजे सोळाव्या शतकातले सगळे रणकंदन व्याकरणाच्या गैरसमजातून झाले. पुढे रिफॉर्म्ड पंथाने प्रभुभोजन ही नुसती आठवण आहे असे ठरवून प्रश्न निकालात काढला, ल्यूथरन मात्र अर्धे रोमन राहिले. आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी या परक्या भांडणात पडायचे कारण नाही. शिकवणुकीने माणसे तुटतात, प्रेमाने जुळतात.

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या वडीलमंडळींनी माना डोलावल्या. आज लिहायला बसलो ते त्या माना पाहून. वक्त्यांची चूक एकट्याची असती तर मी गप्प बसलो असतो. पण हीच चूक आमच्या मंडळ्यांमध्ये दृढीकरणाच्या वर्गापासून शिकवली जाते.

आधी त्या शब्दाचे पाहू. प्रभूने भाकर हाती घेऊन तिला आपले शरीर म्हटले, त्या वाक्यातले ‘आहे’ हे क्रियापद वादाचे मूळ. नेदरलँड्समधल्या कॉर्नेलिस हून नावाच्या वकिलाने त्याचा अर्थ ‘दर्शवते’ असा लावला आणि झ्विंग्लीने तो उचलून धरला. १५२९ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत हेसेचा सरदार फिलिप याने दोन्ही पक्षांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवले, तेव्हा ल्यूथरने ते वाक्य लॅटिनमध्ये खडूने मेजावर लिहून ठेवले होते. अरामीत क्रियापद नव्हते, म्हणून वाद फोल, असे वक्ते म्हणतात. मराठीत आपण ‘हा माझा मुलगा’ एवढेच म्हणतो. त्यात ‘आहे’ नाही, म्हणून मुलाचे नाते कमी होते का? आणि ‘हा माझा उजवा हात’ असे आपण विश्वासू सहकाऱ्याबद्दल म्हणतो, तिथेही ‘आहे’ नाही. पण तो हात होत नाही. म्हणजे शब्द असला काय नि नसला काय, अर्थाचा निकाल व्याकरण देत नाही. वक्त्यांनी ज्याला रामबाण समजले, तो बाण कुणालाच लागत नाही.

आणि ‘एकाच शब्दासाठी एवढे?’ हा उद्गारही विचार न करता काढलेला आहे. कुळकायद्याच्या काळात सातबाऱ्यावर ‘कूळ’ ही दोन अक्षरे आहेत की नाहीत, यावर पिढ्यानपिढ्यांचे शेत कुणाचे हे ठरत होते. ते शेतकरी व्याकरणासाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवत नव्हते. ल्यूथर प्रभुभोजनाला मृत्युपत्रच समजत असे. मरणाच्या आदल्या रात्री धन्याने आपल्या माणसांच्या नावे काय ठेवले, हा प्रश्न ज्याला क्षुल्लक वाटतो, त्याला वारशाची गरज भासत नसावी.

खरा वाद व्याकरणाच्या पलीकडचा होता. स्वर्गारोहण झालेला ख्रिस्त आता कुठे आहे? झ्विंग्लीचा रिफॉर्म्ड पक्ष म्हणाला, त्याचे शरीर हे खरेखुरे माणसाचे शरीर आहे, आणि माणसाचे शरीर एका वेळी एका ठिकाणी असते. ते पित्याच्या उजवीकडे आहे. ल्यूथर म्हणाला, देवाचा उजवा हात ही काही आकाशातली जागा नव्हे, ते सर्वत्र चालणारे सामर्थ्य आहे. तेव्हा जिथे देवपुत्र आहे तिथे त्याचे मनुष्यत्वही आहे. ४५१ साली कॅल्सीडनच्या परिषदेने ख्रिस्ताचे देवत्व आणि मनुष्यत्व मिसळू नये आणि तोडूही नये, असे बजावले होते. ल्यूथरन लोकांना तोडण्याचे भय वाटत होते, रिफॉर्म्ड लोकांना मिसळण्याचे. दोन्ही भये खरी होती. हा वाद भाकरीवरचा वाटतो, पण तो ख्रिस्तावरचा आहे. मारबुर्गला मांडलेल्या पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि पंधराव्याचाही बहुतेक भाग जुळला, हे वक्त्यांनी सांगितले नाही. दोन्ही पक्षांनी मिस्साबलिदान नाकारले, प्याला सर्वांना द्यावा हे मान्य केले. अडले ते शेवटच्या एका मुद्द्यावर.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. ‘रिफॉर्म्ड परंपरेने प्रभुभोजन ही नुसती आठवण ठरवली’ हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते पवित्र शास्त्रातलेच आहे असे लोकांना वाटू लागले आहे. ते खोटे आहे. झ्विंग्लीच्या झ्यूरिखपुरते, तेही त्याच्या वादाच्या वर्षांपुरते, ते काहीसे लागू पडेल. १५३१ च्या ऑक्टोबरात कापेलच्या लढाईत झ्विंग्ली मारला गेला. रिफॉर्म्ड परंपरा त्याच्याबरोबर संपली नाही. तिला आकार देणारा कॅल्विन तेव्हा बावीस वर्षांचा विद्यार्थी होता.

या कॅल्विनने १५४१ साली प्रभुभोजनावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला, तोही सामान्य लोकांना कळावा म्हणून फ्रेंचमध्ये. त्याचे म्हणणे असे की देव रिकामी चिन्हे दाखवून आपल्या लेकरांना फसवत नाही. भाकरीच्या चिन्हाबरोबर तो ख्रिस्ताला खरोखर देतो. कसे देतो? पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने; तो आपल्याला वर उचलून ख्रिस्ताशी जोडतो. ‘कसे’ हे बुद्धीला पुरते उकलत नाही, पण अनुभवाला येते, असे तो मोकळेपणाने कबूल करतो. ल्यूथरन लोकांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीपत्राचे प्रभुभोजनाचे कलम ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने १५४० साली थोडे सैल केले, तेव्हा त्या कबुलीपत्राला कॅल्विनने मान्यता दिली. नुसत्या आठवणीवर विश्वास असलेला माणूस हे करील का?

आणि त्याला हे भोजन दर आठवड्याला हवे होते! जिनिव्हाच्या नगरपरिषदेने वर्षातून चारदाच परवानगी दिली, आणि याची खंत त्याने लपवली नाही. ज्या मंडळ्या आज ‘आमची रिफॉर्म्ड पद्धत’ म्हणून तीन-तीन महिने मेज झाकून ठेवतात, त्या कॅल्विनचे अनुकरण करत नाहीत. त्याला अडवणाऱ्या नगरसेवकांचे करतात.

१५६३ सालची रिफॉर्म्ड मंडळ्यांची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली घ्या. १२९ प्रश्न, वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेले, शाळकरी मुलांच्या तोंडी बसावेत म्हणून लिहिलेले. तिच्यात मूल असे शिकते की माझ्यासाठी मोडलेली भाकर मी जितक्या खात्रीने डोळ्यांनी पाहतो, तितक्याच खात्रीने ख्रिस्ताचे शरीर माझ्यासाठी अर्पण झाले. आणि सेवकाच्या हातून घेतलेल्या भाकरीची चव जितकी खरी, तितकेच त्याचे माझ्या आत्म्याला पोसणे खरे. पोसणे! आठवणीने कुणाचे पोट भरत नाही.

आणखी जवळचे सांगतो. १५६० साली स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स आणि त्याच्या पाच सहकाऱ्यांनी चार दिवसांत एक विश्वासपत्र लिहिले. संस्कार म्हणजे नुसती उघडीबोडकी चिन्हे, असे म्हणणाऱ्यांचा त्यात नाव न घेता कडक धिक्कार आहे. याच स्कॉटलंडच्या मंडळीचे लोक १८२३ पासून कोकणात आले. त्यांच्यातले मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत उतरले. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना बाप्तिस्मा देणाऱ्यांच्या पूर्वजांनी जे मत धिक्कारले, तेच आज त्यांचा वारसा म्हणून आपल्याला सांगितले जाते. आमच्या विद्वान मित्रांनी विश्वासपत्र उघडून पाहिले असते तर हे भाषण झाले नसते.

मग ही ‘नुसती आठवण’ इथे आली कुठून? माझे मत असे की रोमन शिकवणीचे खंडन करता करता आली. ओस्तीच्या पूजेवर हल्ला करणे सोपे असते, टाळ्या मिळतात. तिच्या जागी काय मांडायचे हे शिकवणे अवघड असते. साप साप म्हणून भुई धोपटत राहिलो आणि धोपटताना ताटही फुटले.

याचा परिणाम २०२० च्या टाळेबंदीत डोळ्यांनी पाहिला. मोबाइलसमोर बिस्किट आणि सरबत घेऊन बसा, असे काही ठिकाणी सांगण्यात आले. मी विरोध केला, तेव्हा एका ज्येष्ठांनी मला समजावले, ‘अहो, आठवणच करायची ना? बिस्किटाने काय बिघडते?’ त्यांचे तर्कशास्त्र बिनचूक होते, म्हणूनच मला रात्रभर झोप आली नाही. नुसती आठवण असेल तर बिस्किटही नको, मंडळीही नको; भिंतीवरचे चित्र पुरे. माझ्या आईने शेवटच्या आजारात पाळकसाहेबांना घरी बोलावून प्रभुभोजन घेतले होते. तिला आठवण करून देण्याची गरज नव्हती. प्रभूशिवाय दुसरे काहीच तिच्या मनात उरले नव्हते. तिला काहीतरी हवे होते, आणि ते तिला मिळाले.

ल्यूथरन अर्धे रोमन, या आरोपाला एक ओळ पुरे: भाकरीचे पदार्थांतर होते हे ते नाकारतात, मिस्साबलिदान नाकारतात, आणि दोन पदार्थांच्या मिश्रणाचा जो सिद्धांत त्यांच्या गळ्यात घातला जातो तोही त्यांनी कधी पत्करलेला नाही. बाप्तिस्म्याबद्दल वक्ते काही बोललेच नाहीत. तिथेही हाच प्रश्न आहे: पाण्याबरोबर देव काही देतो की आपणच काही जाहीर करतो? ल्यूथरन पाण्याशी नवजन्म जोडतात, रिफॉर्म्ड त्याला कराराचे चिन्ह आणि शिक्का म्हणतात. पण दोघेही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, आणि जे बाळ काहीच जाहीर करू शकत नाही त्याला देतात, यातच उत्तर आहे.

‘शिकवणुकीने माणसे तुटतात’ हा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. १५५३ च्या हिवाळ्यात लंडनहून परागंदा झालेल्या रिफॉर्म्ड कुटुंबांना डेन्मार्कने आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या ल्यूथरन शहरांनी थारा दिला नाही. बायकामुले थंडीत बंदरोबंदर हिंडली. मेलांख्थोनचा जावई पॉयसर सॅक्सनीत बारा वर्षे तुरुंगात राहिला, कारण प्रभुभोजनाबद्दलचे त्याचे मत कॅल्विनकडे झुकते ठरले. ही लाज आहे आणि ती ल्यूथरन इतिहासात तशीच राहील. पण तोड काय? प्रशियाच्या राजाने १८१७ साली वक्त्यांचाच उपाय केला होता. जुनी भांडणे विसरा, एक मंडळी, एक उपासनाग्रंथ. ज्यांना विसरता येईना, त्यांच्यावर त्याने सक्ती केली. सायलेशियातल्या होनिगर्न गावी १८३४ च्या नाताळाच्या सुमारास चर्च ताब्यात घ्यायला सैन्य आले. १८३८ पासून हे न विसरणारे ‘जुने ल्यूथरन’ जहाजे भरून दक्षिण ऑस्ट्रेलियाला निघून गेले. विसरण्याच्या हुकमाने एक नवी फूट जन्माला आली.

याउलट १९७३ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लॉयेनबर्ग येथे युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनी करार केला. त्याच्या मागे कित्येक वर्षांची बैठक होती, कलमावर कलम घासून पाहिलेले होते. प्रभुभोजनात उठलेला ख्रिस्त स्वतःला देतो, एवढे दोघांनी एकत्र म्हटले, आणि एकमेकांवरचे जुने धिक्कार आजच्या मंडळीला लागू नाहीत असे ठरवले. मेज एक झाले. शिकवण बाजूला सारून नव्हे, तिच्यातून जाऊन.

माझे मंडन लांबलचक नाही. प्रभूच्या मेजावर देणारा तो आहे आणि घेणारे आपण आहोत. मारबुर्गच्या खोलीत ल्यूथरला हेच वाचवायचे होते, आणि कॅल्विनने वेगळ्या वाटेने हेच वाचवले. ‘कसे’ याबद्दल मी स्वतः कॅल्विनच्या बाजूचा आहे, आणि ल्यूथरन भावाशेजारी गुडघे टेकायला मला अडचण नाही. पण ज्याच्या मते तिथे काहीच मिळत नाही, त्याने रिफॉर्म्ड हे नाव लावू नये.

वाचकहो, पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी आपल्या पाळकसाहेबांना भेटा आणि एवढेच विचारा: तिथे मला काय मिळणार आहे? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.