सभागृहाच्या दाराशी



या पुस्तिकेतील घटक वाचताना एक प्रश्न तुमच्या मनात कधीतरी येऊन गेला असेल. रोज महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना स्नेहसंमेलन असते, वाङ्मयमंडळ असते, भित्तिपत्रक असते, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर असते. आपल्या वाट्याला मात्र पुस्तिका, स्वाध्याय आणि परीक्षा एवढेच का? संपर्कसत्राच्या मधल्या सुटीत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि तोही बहुधा हसत हसत, जणू त्याला उत्तर अपेक्षितच नाही. मीही अनेक वर्षे तो तसाच हसून टाळला. "तुम्हाला संसार आहे, नोकरी आहे, तुम्हाला कुठून वेळ मिळणार?" एवढे म्हटले की विषय संपत असे. माझे ते उत्तर चुकीचे होते, असे आता मला वाटते.

ते चुकीचे आहे हे मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिले. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता एका महाविद्यालयात कार्यक्रम होता आणि वक्ता मी होतो. विषय होता जात्यावरच्या ओव्यांची भाषा. समोर पदवीच्या वर्गातील मुले बसली होती. हजेरी घेतली जाणार असल्याने सभागृह भरलेले होते. एका ओवीतील 'वैरण' हा शब्द समजावून सांगताना मी गुरांच्या चाऱ्याविषयी चार वाक्ये बोललो आणि शेतकरी कुटुंबाच्या शब्दसृष्टीत गुरेढोरे कशी केंद्रस्थानी असतात, असा एक सिद्धांतही मांडून टाकला. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपवून बाहेर आलो, तर व्हरांड्यात चाळिशीच्या एक बाई हातात स्वाध्यायांची वही घेऊन उभ्या होत्या. त्याच इमारतीत मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र भरते, तेथील बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या त्या विद्यार्थिनी. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करतात, अर्ध्या दिवसाची रजा घेऊन स्वाध्याय जमा करायला आल्या होत्या. तासभर दाराशी उभ्या राहून त्यांनी माझे व्याख्यान ऐकले होते. मी विचारले, "ताई, आत का आला नाहीत?" त्या म्हणाल्या, "सर, तो कॉलेजच्या मुलांचा कार्यक्रम होता ना." मग जरा थांबून, संकोचाने म्हणाल्या, "एक सांगू का? त्या ओवीतली वैरण म्हणजे कडबा नव्हे. जात्याच्या तोंडात मूठ मूठ दाणे टाकतो, त्याला वैरण म्हणतात. माझी सासू म्हणायची, हात चालू ठेव, वैरण मी घालते."

घरी येऊन शब्दकोश उघडला. त्यांचे बरोबर होते. भाषाशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाला जे ठाऊक नव्हते, ते त्या सभागृहाच्या दाराबाहेर तासभर उभे होते, आणि आतल्या सव्वाशे मुलांनी चुकीचा अर्थ वहीत उतरवून घेतला होता.

दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याकडे 'बहिःस्थ' म्हणण्याचा प्रघात होता. मुक्त विद्यापीठे आली तरी बोलण्यातून तो शब्द गेलेला नाही. बहिःस्थ म्हणजे बाहेर उभा असलेला. या शब्दाचा एक भाऊ आहे, 'बहिःशाल'. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्याने तालुक्याच्या गावी ऐकल्याचे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दोन्ही शब्दांत 'बहिः' आहे, पण दिशा उलट आहे. एका शब्दात विद्यार्थी भिंतीबाहेर थांबलेला आहे; दुसऱ्यात विद्यापीठच भिंतीबाहेर निघाले आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाचे निष्कर्ष काढू नयेत, असे मी तुम्हाला भाषाविज्ञानाच्या घटकात सांगतो. येथे तेवढी सवलत घेतो.

महाविद्यालयीन स्वयंसेवेचे आपल्याकडील सर्वांत मोठे रूप म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, अशी तिची रचना आहे. मी स्वतः काही वर्षे कार्यक्रम अधिकारी होतो. शहरातील मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात फावडे धरलेले आणि चुलीच्या धुराने डोळे चोळत पिठले ढवळलेले मी पाहिले आहे. त्या सात दिवसांनी काहींचे आयुष्य खरोखर बदलले. मात्र ज्या खड्ड्यात गेल्या वर्षी रोप लावले त्याच खड्ड्यात या वर्षी पुन्हा रोप लावताना, छायाचित्र नीट यावे म्हणून पाण्याची झारी दोनदा उचललेलीही मी पाहिली आहे. हा दोष मुलांचा नाही. त्यांच्या दृष्टीने समाज आवाराबाहेर असतो; तेथे त्यांना नेऊन आणावे लागते. आठव्या दिवशी बस निघते आणि गाव मागे राहते.

तुम्ही त्या मागे राहणाऱ्या गावात राहता. उरलेले ३५८ दिवस तुमच्याकडे आहेत. ग्रामपंचायतीत कोण अर्ज भरून देतो, कोणत्या आजीला किती ओव्या येतात, कोणाच्या मुलाला दिसत नाही आणि त्याला वाचून दाखवायला कोणी नाही, हे शिबिरार्थींना आठवडाभरात कळत नाही. तुम्हाला ते विचारावेही लागत नाही. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याने स्वयंसेवेची संधी शोधत विद्यापीठाच्या आवारात येण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे.

ओव्यांचेच उदाहरण घ्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह झाला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. आज तो ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहाद्वारे कोणालाही पाहता-ऐकता येतो. हे काम केवळ विद्वानांनी केलेले नाही. मुळशी तालुक्यातील गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बाया त्यात होत्या. त्या स्वतः ओव्या गाणाऱ्या होत्या आणि गोळा करणाऱ्याही. असा संग्रह बाहेरून आलेल्या प्राध्यापकाला एकट्याने जमला नसता, कारण परक्या माणसासमोर सुना ओवीतले सासर गात नाहीत.

तुम्ही असे काम हाती घेतले, तर काही गोष्टी आधी ठरवून घ्या. ज्या व्यक्तीकडून गीत, म्हण किंवा शब्द घ्याल, तिची परवानगी घ्या. तिचे नाव, वय, माहेर आणि सासर, ध्वनिमुद्रणाची तारीख तेथल्या तेथे लिहून ठेवा. माहेर विसरू नका. बाई एका गावची भाषा घेऊन दुसऱ्या गावात नांदायला जाते आणि बोलींचे नकाशे तेथेच चुकतात. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण पुरेसे आहे, फक्त पंखा बंद करा. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, ऐकलेले दुरुस्त करू नका. बाई 'पानी' म्हणाली तर 'पानी' लिहा, 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं' लिहा. तुम्ही शुद्धलेखनाचा घटक अभ्यासलेला असतो, हात आपोआप 'पाणी' लिहितो. तो आवरावा लागतो. शब्द विचारतानाही प्रमाण शब्द आधी उच्चारू नये, वस्तू किंवा नाते दाखवावे. "मुलीला काय म्हणता?" असे विचारले की समोरचा माणूस सभ्यपणे "मुलगीच म्हणतो" असे सांगतो. अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे बोट केले, की मालवणी मुलखात 'चेडू' ऐकू येते आणि अहिराणीत 'आंडेर'.

ऐकलेले न बदलण्याची हीच शिस्त आणखी एका कामाला लागते, आणि त्या कामाला माणसे फार कमी मिळतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक हवा असतो. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात. परंतु लेखनिकच ऐन वेळी आला नाही, तर त्या मिनिटांचा उपयोग काय? लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा कमी असावी, अशा अटी असतात आणि नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून परीक्षाकेंद्रावर आधी चौकशी करावी. एकदा होकार दिला, की घरी पाहुणे आले तरी जावे लागते. सांगितलेले वाक्य तुम्हाला सदोष वाटले तरी तसेच लिहावे लागते, कारण गुण त्याच्या वाक्याला मिळायचे आहेत. परीक्षेआधीचे महिनेही महत्त्वाचे असतात. तुम्ही या पुस्तिकेचा एक घटक मोठ्याने वाचून मुद्रित केला, तर तुमचा अभ्यास होतो आणि दुसऱ्या कोणाचे पुस्तक तयार होते. वाचताना विरामचिन्हे कळली पाहिजेत आणि अवतरण कोठे संपले ते सांगितले पाहिजे. अर्थ न समजता वाचलेला परिच्छेद ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात ओळखू येतो.

साक्षरतेच्या कामाविषयी थोडक्यात लिहितो. 'उल्लास' या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला असून तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना वाचन, लेखन आणि संख्याज्ञान शिकवायचे आणि शेवटी दीडशे गुणांची चाचणी घ्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. महाराष्ट्राला असे प्रयत्न नवे नाहीत. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावेच्या गावे साक्षर म्हणून जाहीर झाली. पुढे अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले, कारण वाचायला काही उरले नाही आणि विचारायला कोणी नव्हते. चाचणीनंतर वर्षभर दर आठवड्याला शेजारणीसोबत पाणीपट्टीची पावती वाचणारा माणूस हवा असतो. तो शेजारीच राहणारा असावा लागतो.

आता तुमच्या मनातला आक्षेप मी ओळखतो. तुमच्यातील निम्म्याहून अधिक जणी पहाटे उठून डबे करतात, दिवसभर राबतात, रात्री साडेदहानंतर पुस्तिका उघडतात. मुले, सासू-सासरे, आजारी शेजारीण यांचे करणे याला कोणी स्वयंसेवा म्हणत नाही, त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि वर एक प्राध्यापक समाजासाठी आणखी दोन तास काढा म्हणून सांगतो. हा आक्षेप मला मान्य आहे. ज्यांच्या अंगावर आधीच इतके आहे, त्यांना मी सेवेचे नवे काम सांगत नाही. त्यांना देणे लागते ते आम्हीच, आणि ते म्हणजे कार्यक्रम: चार माणसांत बसून, बोलून, हसून भाषेचा विचार करण्याची जागा. दूरशिक्षणात अभ्यासक्रम घरपोच येतो. सोबत घरपोच येत नाही. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेले कितीतरी जण तिसऱ्या वर्षापर्यंत दिसेनासे होतात. त्यांतील अनेकांना अभ्यास अवघड गेलेला नसतो. केंद्रावर त्यांना नावाने ओळखणारे कोणी नसते, म्हणून ते येणे सोडतात.

त्यामुळे माझी एक मागणी अभ्यासकेंद्रांकडे आहे आणि ती तुम्ही माझ्याहून मोठ्या आवाजात करावी. जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, हे सारे कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता उरकू नये. त्यांतील एक तरी कार्यक्रम संपर्कसत्राच्या रविवारी ठेवावा, आणि मंचावर तुमच्यापैकी कोणीतरी असावे. समंत्रकाने फार तर प्रस्तावना करावी. समंत्रकांना हे पटवणे सोपे नाही. आम्हाला रविवार प्रिय असतो आणि माइक त्याहून प्रिय असतो.

आमच्या केंद्रावर पुढच्या रविवारी असा कार्यक्रम ठेवला. त्या ताईंना ओव्या म्हणायची विनंती केली. त्या उभ्या राहिल्या, दोन ओव्या म्हणाल्या आणि अडल्या. "रिकाम्या हातानं नाही आठवत," असे म्हणाल्या. त्यावर निवृत्त एसटी वाहक असलेले आमचे एक विद्यार्थी उठले आणि शेजारच्या गल्लीतून रिक्षात घालून जाते घेऊन आले. जाते आणले तर दाणेही लागतात, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आले, दोन किलो ज्वारी. त्या दुपारी मला काम मिळाले ते वैरण घालण्याचे. माझी मूठ मोठी होत होती, त्यामुळे जाते जड जात होते आणि ओवी मध्येच तुटत होती. तीनदा मला हात आवरता घ्यायला सांगण्यात आले. पावणेपाचची एसटी गाठायची असल्याने एकेचाळिसाव्या ओवीवर थांबावे लागले. ध्वनिमुद्रण आहे, उतरवून घेण्याचे काम तिघींनी वाटून घेतले आहे. पीठ कोणी न्यायचे यावर थोडा वाद झाला आणि ते त्या वाहकांच्या पिशवीत गेले.