धान आणि धाण

दुसरीतल्या पोराच्या वहीत ‘धाण’ दिसले की त्यावर लाल फुली पडते. ती भंडारा जिल्ह्यात पडते, म्हणून जास्त खुपते. धान म्हणजे काय हे इथल्या पोराला शिकवावे लागत नाही. पऱ्हे, रोवणी, कापणी सगळे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. वस्तू अंगणातली, शब्द तोंडातला. तरी लिहिताना चुकला कसा? ‘लक्ष नाही’ हे ठरलेले उत्तर. ते खरे नाही. लक्ष होते, म्हणूनच ‘धाण’ झाले.

भिंतीवरचा अक्षरतक्ता बघा. ‘ण’ने सुरू होणारा शब्द पहिलीच्या पोराला देता येत नाही, म्हणून तिथे बाणाचे चित्र असते. ण बाणाचा. गुरुजी चित्रावर पट्टी ठेवतात, वर्ग एका सुरात ओरडतो. पण इथे घरोघर बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ‘ण’ नाही. घरी बाणाला बान म्हणतात, पाण्याला पानी, लोण्याला लोनी. गुरुजी याच भागातले, झाडीपट्टीतले असले तर घाईत त्यांच्याही तोंडून ‘बान’च निघते. म्हणजे एकाच चित्राला शाळेने अक्षर जोडून दिले आणि घराने उच्चार. उरलेली गाठ पोर स्वतः मारते. बाणाचे अक्षर म्हणजे हा उच्चार. नळाच्या अक्षराचाही हाच उच्चार. तर मग ही दोन्ही अक्षरे एकच. धान, पान, बान यांचा शेवट कानाला सारखाच लागतो. कुठलेही अक्षर घ्या. हे त्याला कुणी शिकवले नाही. मिळालेल्या माहितीवरून त्याने ते काढले, आणि त्या माहितीपुरते ते बिनचूक आहे.

मोठ्यांचे तरी वेगळे काय आहे? नाव लिहून घेणारा अजूनही विचारतो, ‘नळाचा की बाणाचा?’ चाळीस वर्षांच्या माणसालाही दोन अक्षरे वेगळी ठेवायला चित्राचाच आधार घ्यावा लागतो. कान तिथे कामाला येत नाही. सहा वर्षांच्या पोराकडून मात्र आपण ते कानाने मागतो.

न शिकवलेल्या गाठी मनात कशा बसतात, याचा पद्धतशीर शोध मरे सिडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घेतला. १९७१ साली त्यांनी सतरा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिले. गंभीर बौद्धिक अपंगत्व, वाचता येत नव्हते. शब्द उच्चारला की तो योग्य चित्र दाखवी, चित्र दाखवले की नाव सांगे. सिडमन यांनी एवढेच शिकवले, की शब्द ऐकला की छापील शब्दावर बोट ठेवायचे. असे वीस शब्द. नंतर तपासले, तर तो छापील शब्द चित्राशी जुळवू लागला होता आणि मोठ्याने वाचूही लागला होता. ही दोन्ही कामे त्याला कुणी शिकवली नव्हती. पुढे १९८२ मध्ये सिडमन यांनी टेल्बी यांच्याबरोबर अशा आपोआप जुळणीच्या, म्हणजे तुल्यतेच्या, कसोट्या मांडल्या. त्या गणितातल्या तुल्यता-संबंधाच्याच: वस्तू स्वतःशी जुळते, जोडी उलटी फिरवता येते, आणि पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी जुळली की पहिली-तिसरी आपोआप जुळते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात ऱ्हीसस माकडांना आणि बबूनांना एका दिशेने शिकवलेली जोडी उलटी फिरवता आली नाही. मुलांना आली.

‘धाण’ लिहिणारे पोर नेमके हेच करत असते. जोडी उलटी फिरवते, मधल्या चित्रावरून पलीकडे जाते. ज्या बुद्धीने मूल वाचायला शिकते, तीच बुद्धी त्या वहीत दिसते. आपण तिच्यावर फुली मारतो.

झाडीबोली काही अज्ञात राहिलेली नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, तिचा शब्दकोश केला. पण शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिले की विषय मिटतो. घरची मराठी आणि तक्त्यावरची मराठी एकच, असे आपण गृहीत धरतो. शहरात गेल्यावर याच मुलांच्या ‘आनी-पानी’ला लोक हसतात. ते हसणे नीच आहे, आणि त्याची तालीम दुसरीतल्या फुलीपासून सुरू होते.

आणखी एक गाठ. पाचवीत हिंदी येते. हिंदीच्या वहीत ‘पानी’ बरोबर, मराठीच्या वहीत ‘पानी’ चूक. लिपी तीच, लोटा तोच, पोराचा उच्चारही तोच. कारण कुणी सांगत नाही.

उपाय मोठा नाही. सिडमन यांनीच पुढे दाखवले, की एकच चिन्ह एका संदर्भात एका गटात बसते, दुसऱ्या संदर्भात दुसऱ्या. संदर्भ तेवढा ओळखू यावा लागतो. गुरुजींनी तो शब्दांत सांगायचा: ‘आपण घरी बान म्हनतो, ते बरोबर आहे. पुस्तकात तो बाण लिहितात. ऐकून कळत नाही, म्हणून डोळ्यांनी लक्षात ठेवायचा.’ गुरुजींनी हे एकदा नाही, वर्षभर म्हणावे लागेल. ‘ण’चे नेहमीचे शब्द वेगळे काढून पुन्हा पुन्हा दाखवावे लागतील. श्रुतलेखन हा त्याचा मार्ग नव्हे. जो फरक कानावर पडतच नाही, तो श्रुतलेखनाने कसा पक्का होणार? आणि पोराने ‘पाणी’ हा छापील शब्द ‘पानी’ असा वाचून लोट्याकडे बोट दाखवले, तर त्याने वाचले आहे. तिथे गुण कापू नयेत. लिहिण्यातला ‘ण’ पुढे येईल, पण ‘तुला वाचता येत नाही’ हे एकदा मनात बसले तर ते काढणे फार अवघड जाते.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. तेव्हा बांध्यांमध्ये पऱ्हे टाकायची घाई असते आणि वर्गात नवी पहिली येऊन बसलेली असते. फळ्यावर बाण काढला जाईलच. त्याच्या शेजारी धानाची एक लोंब काढावी, आणि दोन्हींखाली त्यांची अक्षरे लिहावीत.