आर्च स्ट्रीटचा बाक

अमेरिकेत फिलाडेल्फियात आर्च स्ट्रीटवर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं जुनं सभागृह आहे, १८०४च्या सुमारास बांधलेलं. विटांची साधी इमारत. आत वेदी नाही, व्यासपीठ नाही. लाकडी बाकांच्या रांगा आणि त्यांच्याकडे तोंड केलेले ज्येष्ठांचे बाक. उपासना म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसणं. आतून प्रेरणा झाली तर कोणीही, अगदी बाईमाणूसही, उठून बोलतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या लढ्यात क्वेकर आघाडीवर होते. पण त्यांच्या थोरवीचा हिशेब मांडताना या सभागृहातला एक बाक विसरून चालणार नाही.

क्वेकरांच्या कारभारात मतदान नसतं. सर्वांचं एकमत होईपर्यंत थांबायचं. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं, तेव्हा अनेक क्वेकरच गुलाम बाळगून होते. निवेदन एका सभेकडून दुसरीकडे सरकत गेलं आणि बाजूला पडलं. बेंजामिन ले हे क्वेकर गुलामगिरीविरुद्ध फारच कडक बोलले, तर १७३८ मध्ये त्यांनाच पंथाबाहेर काढलं. गुलाम बाळगणाऱ्यांना पंथात जागा नाही, हा फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेचा निर्णय झाला १७७६ मध्ये. म्हणजे ८८ वर्षं!

या पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखंही पुष्कळ आहे. तो निर्णय कोणा बहुमताने लादलेला नव्हता, म्हणून तो टिकला. अमेरिकेतल्या इतर मोठ्या पंथांना इतक्या लवकर हे जमलं नाही. मात्र या सबुरीची किंमत त्या बाकांवर बसणाऱ्यांनी मोजली नाही. ती मोजली गुलामांनी.

आणि १७७६ नंतरही बाक वेगळाच राहिला. शिक्षिका सारा मॅप्स डग्लस आणि त्यांच्या आई ग्रेस यांना इथे कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या बाकावर बसावं लागे. गर्दीतही त्यांच्याशेजारी गोरं कोणी बसत नसे. साराने १८३७ मध्ये पत्रातून हे दुःख मांडलं. सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या गोऱ्या बहिणी मुद्दाम त्या बाकावर जाऊन बसल्या. १८३८ मध्ये त्यांना पंथातून काढलं गेलं. कारण दाखवलं ते अँजेलिनाच्या पंथाबाहेरच्या लग्नाचं, आणि सारा ग्रिम्केने त्या लग्नाला हजर राहण्याचं.

काळाच्या मानाने क्वेकर पुढे होते, हे खरंच. पण तेवढ्याने बाकाचं समर्थन होत नाही. ज्यांना बोलायची मुभा होती, त्यांतले बहुतेक जण या बाकाबद्दल गप्प राहिले. आणि ते मौन उपासनेचं नव्हतं. या वास्तूचा इतिहास सांगताना १७७६चा निर्णय आणि डग्लस मायलेकींचा बाक एका दमात सांगितला जावा.

सारा डग्लस यांनी पुढे अनेक वर्षं 'इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ' या शाळेत कृष्णवर्णीय मुलींना शिकवलं. ती शाळा रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकराने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून उभी राहिली होती.