ओसरीवरचा पाहुणा आणि माजघराची किल्ली

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. २०२४ मध्ये सुमारे हजार शेतकरी त्यात सामील झाले आणि त्याचे देशभर कौतुक झाले, ते योग्यच होते. कऱ्हाटीतला शेतकरी आता मातीची आणि हवामानाची खबर मोबाइलवर घेतो. त्याच मोबाइलवर तो सातबारा पाहतो, बाजारभाव पाहतो, बँकेचे व्यवहारही करतो. या एवढ्याशा पडद्यावर कोणाकोणाचा कोड चालतो, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. तो एका प्रयोगापुरता नाही, एकूणच महाजालाचा आहे.

आज बहुतेक संकेतस्थळे उसनवारीवर उभी असतात. हवामानाचा चौकोन एका कंपनीचा, जाहिरात दुसरीची, मदतीची खिडकी तिसरीची. यांची जावास्क्रिप्ट थेट पानात ओढून घेतली की ब्राउझरच्या लेखी ती यजमानाचीच ठरते. वापरकर्ता काय टाइप करतो ते ती वाचू शकते, पानावरचे आकडेही बदलू शकते. जुन्या वाड्यांत परक्या माणसाला ओसरीवर बसवीत. महाजालावर आपण त्याच्या हाती माजघराचीच किल्ली ठेवतो.

याची किंमत २०२४ मध्ये दिसली. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरविणाऱ्या 'पॉलिफिल' सेवेचा पत्ता फेब्रुवारीत दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्या पत्त्यावरून येणारा कोड मोबाइलवरील वाचकांना परस्पर जुगाराच्या संकेतस्थळांकडे वळवीत असल्याचे जूनमध्ये उघड झाले. लाखाहून अधिक संकेतस्थळे हा कोड वापरीत होती. त्यांच्या चालकांनी स्वतः एक अक्षरही बदललेले नव्हते!

उपाय नवा नाही. आयफ्रेमला 'सँडबॉक्स' हे बंधन घालण्याची सोय क्रोममध्ये २०१० पासून, फायरफॉक्समध्ये २०१२ पासून आहे. परका कोड वेगळ्या चौकटीत बसतो आणि आरंभी त्याला कसलीच मुभा नसते. स्क्रिप्ट चालविणे, अर्ज पाठविणे, नवी खिडकी उघडणे यांपैकी जे हवे तेवढेच यजमानाने द्यायचे. स्क्रिप्टची परवानगी दिली तरी चौकटीचे 'मूळ' परके मानले जाते. त्यामुळे यजमानाच्या कुकीज किंवा मजकूर तिला वाचता येत नाहीत. दोघांत संवाद होतो तो निरोपांतून, आणि प्रत्येक निरोप कोणाकडून आला हे तपासणे यजमानाचे काम.

घात होतो तो घाईत. चौकटीतला मजकूर आपल्याच पत्त्यावरून दिला आणि स्क्रिप्टच्या परवानगीबरोबर 'मूळ कायम ठेवा' हीही परवानगी दिली, तर आतला कोड स्वतःच कुंपण उपटून टाकू शकतो. गुगल वापरकर्त्यांचा मजकूर निराळ्याच पत्त्यावरून देते, त्यामागे हेच कारण आहे.

चौकट सर्वांवरचे औषध नव्हे. पॉलिफिलसारख्या कोडला मूळ पानातच काम करावे लागते. तो तपासून आपल्या सर्व्हरवर ठेवणे हाच मार्ग. शिवाय निरनिराळ्या संकेतस्थळांना वेगळ्या प्रक्रियांत ठेवणारे क्रोमचे संरक्षण २०१९ मध्ये अँड्रॉइडवर आले, ते किमान दोन जीबी मेमरीच्या फोनपुरते आणि पासवर्ड टाकाव्या लागणाऱ्या संकेतस्थळांपुरते. स्वस्त फोन कोणाच्या हाती असतो, हे सांगायला नको.

म्हणून जबाबदारी संकेतस्थळ बांधून घेणाऱ्यांवर येते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरसारखे सहकारी कारखाने, बाजार समित्या, सरकारी खाती यांनी पुढच्या निविदांत परक्या कोडची यादी मागावी आणि जो चौकटीत बसू शकतो तो बाहेर ठेवू नये. बसत नाही असे पुरवठादार म्हणाला, तर कारण लेखी घ्यावे.