रिकाम्या वाटीचा शेजारी

गेल्या भाऊबीजेला धाकटी बहीण आमच्या वर्तकनगरच्या घरी आली, ती आठ महिन्यांच्या बाळाला टोपड्या-दुपट्ट्यात गच्च गुंडाळूनच. सकाळचे कोवळे ऊन पडले होते. बाळाला गच्चीवर न्यायला मी उठलो, तर बाईसाहेब दारात आडव्या!

"दादा, सूर्यावर वादळ झालंय. ओझोनला भोक पडतं म्हणे त्यानं!" मोबाइलवर आलेला मजकूर तिने माझ्या नाकासमोर धरला.

मजकूर सपशेल खोटा असता, तर मी हसून सोडून दिला असता. पण वाचकहो, तो अर्धा खरा होता.

२००३ सालची गोष्ट. दिवाळी संपते न संपते तोच, २८ ऑक्टोबरला, सूर्यावर प्रचंड स्फोट झाला. त्यातून सुटलेले प्रोटॉन ध्रुवांवरच्या हवेत घुसले आणि त्यांनी नायट्रोजनचे रेणू फोडले. सुटे झालेले अणू ऑक्सिजनशी जुळले नि नायट्रिक ऑक्साइड तयार झाले. हा वायू म्हणजे रिकामी वाटी घेऊन फिरणारा शेजारीच! ओझोनच्या दारी जातो, ऑक्सिजनचा एक अणू मागून आणतो, वाटेत भेटलेल्या सुट्या ऑक्सिजनला तो देऊन टाकतो, आणि रिकामी वाटी घेऊन पुन्हा ओझोनच्या दारात हजर. त्या वेळी ध्रुवांकडे, चाळीस किलोमीटरच्या वर, ओझोन घटल्याचे उपग्रहांनी टिपले.

बहिणीचा चेहरा उतरला. मी घाईने पुढे सांगितले, की पृथ्वीचे चुंबकत्व या कणांना ध्रुवांकडे वळवते. ठाण्याच्या डोक्यावर ते सहसा पोचत नाहीत. शिवाय ओझोनचा मुख्य साठा बराच खाली असतो. आणि मौज अशी, की ओझोन घडवतोही सूर्यच! त्याचे अतिनील किरण ऑक्सिजन फोडतात, त्यातूनच ओझोन जुळतो.

"पण या वादळांवर लक्ष ठेवतं कोण?"

"आपलं अलिबाग!" १८५९ चे मोठे चुंबकी वादळ कुलाब्याच्या वेधशाळेने नोंदवले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, चुंबकसूचीला त्यांचा उपद्रव नको, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेले. ट्रामगाड्या केव्हाच गेल्या; नोंदी चालू आहेत.

बहिणीने टोपडे काढले, दुपट्टे मात्र ठेवले. "दहाच मिनिटं हं, दादा."

आम्ही गच्चीवर पोचलो, तोच खाली कोणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि धुराचा लोट वर आला. बाळाला मीच पळत घरात आणले.