पेडण्याचे भवितव्य आणि डिचोलीचा अनुभव

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तेव्हापासून पेडणे ही गोव्याची नवी उपनगरी होणार, असे जो तो म्हणतो. तसे व्हावे, ही आमचीही इच्छा आहे.

परंतु शेजारच्या डिचोलीचा अनुभव आम्हांस विसरता येत नाही. तेथील पेठ लोहखनिजाच्या वाहतुकीवर वाढली. ट्रकांमागून गॅरेजे आली, टायरांची व सुट्या भागांची दुकाने आली. कामगारांमागून किराणा आला, कापड आले. २०१२ साली व पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारातच उभे राहिले आणि दुकानदाराची येणी वहीतच राहिली. (अशा येण्यांची किंमत व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको!)

विमानाचा प्रवासी पेठेत उतरत नाही. तो मोटारीने थेट किनाऱ्यावरील हॉटेल गाठतो. पेठ चालते ती तेथे राहणाऱ्या, तेथेच कमावणाऱ्या कुटुंबांवर. म्हणून तिळारीच्या कालव्याचे पाणी शेतकऱ्याकडून काढून घेतले जाऊ नये, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत तालुक्यातील तरुणांस काम मिळावे, आणि विमानतळाच्या रस्त्यालगतची सारी जमीन हॉटेलांकडे जाण्यापूर्वी घाऊक बाजार व गोदामे यांसाठी जागा राखून ठेवावी, असे आमचे मत आहे. हे मागणे आपल्या मंडळींनी सरकारपुढे आजच मांडावयास हवे. आणखी पाच वर्षांनी तीच जागा बाजारभावाने घेण्याचे सामर्थ्य आपल्यापैकी किती जणांत उरेल?